उपग्रहाला शाळेचे काय काम?

विज्ञानप्रसार म्हटला की आपल्याकडे त्याचा एक ठरलेला थाट असतो. शाळेच्या सभागृहात अग्निबाणाची थर्माकोलची प्रतिकृती, भिंतीला टेकवून ठेवलेले उपग्रहांचे रंगीत तक्ते, पाहुण्या शास्त्रज्ञांचे तासभर भाषण, मग ‘अंतराळवीर व्हायला काय करावे लागते’ हा हमखास प्रश्न, चहा-बिस्किटे आणि गटफोटो. यात वाईट काहीच नाही. एखाद्या मुलाच्या डोक्यात कायमचा किडा शिरायला कधीकधी तेवढेही पुरते. पण या सगळ्या प्रकारात शाळा असते ती प्रेक्षकांत. कार्यक्रम झाला काय किंवा रद्द झाला काय, त्या संस्थेच्या संशोधनात तसूभरही फरक पडत नाही, आणि हे दोन्ही बाजूंना मनातून ठाऊक असते. म्हणून पुढच्या वर्षी निधी आटला की पहिली कात्री याच कार्यक्रमाला लागते. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या उपग्रहांच्या बाबतीत मात्र वेगळ्या प्रकारची भागीदारी शक्य आहे आणि ती गेली तीसेक वर्षे करूनही पाहिली गेली आहे. तीत शाळेकडून संस्थेला काहीतरी हवे असते, आणि ते मिळाल्यावर संस्था शाळेला उत्तर देते. अशी भागीदारी टिकते की नाही हे या उत्तरावर ठरते, असे माझे मत आहे. मुलांचा उत्साह, उपकरणांची किंमत, संकेतस्थळाची सजावट या सगळ्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

मुळात उपग्रहाला शाळेकडून काय हवे असणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी ढगांच्या हिशेबात थोडे शिरावे लागेल. सूर्याकडून पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सरासरी सुमारे ३४० वॅट ऊर्जा येते. त्यातली साधारण १०० वॅट परावर्तित होऊन तशीच अवकाशात परत जाते आणि २४० वॅटच्या आसपास उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. जमा आणि खर्च जवळजवळ जुळतात, पण पुरते जुळत नाहीत. अलीकडच्या काळात पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला एक वॅटच्या आसपास ऊर्जा शिल्लक राहते, आणि आपण ज्याला तापमानवाढ म्हणतो ती या शिल्लकीतूनच येते. शेकड्यांच्या हिशेबातली ही एकाची शिल्लक पकडायची, तर परावर्तनात सर्वांत मोठा आणि सर्वांत चंचल वाटा कोणाचा हे नीट कळायला हवे. तो वाटा ढगांचा. जमिनीलगतचे जाड, पांढरेशुभ्र ढग ऊन परतवून लावतात आणि खालची हवा थंड ठेवतात. खूप उंचावरचे विरळ, पिसांसारखे सिरस ढग ऊन बरेचसे आत सोडतात आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता मात्र अडवतात. म्हणजे आकाशात किती ढग आहेत एवढे मोजून भागत नाही. ते कोणत्या उंचीवर आहेत, किती दाट आहेत आणि एकाखाली एक किती थर आहेत, हे सगळे लागते.

हा हिशेब ठेवण्यासाठी नासाने सेरेस नावाची उपकरणमालिका तयार केली. तिचे पहिले उपकरण नोव्हेंबर १९९७ मध्ये टीआरएमएम उपग्रहावरून गेले, नंतरची डिसेंबर १९९९ मध्ये टेरावरून आणि मे २००२ मध्ये अ‍ॅक्वावरून. ही मालिका पुढच्या उपग्रहांवरही चालू राहिली. टेरा-अ‍ॅक्वावरच्या सेरेसच्या एका ठिपक्यात थेट खाली पाहतानाही सुमारे वीस किलोमीटरचा टापू येतो. त्या टापूत ढग कुठे आणि कसे आहेत हे शेजारच्या मोडिस या अधिक बारीक नजरेच्या उपकरणावरून ठरवतात. ही नजर कितीही बारीक असली तरी ती वरून पाहते. वर जाड थर असेल तर त्याच्या पोटाखाली दुसरा थर आहे की नाही हे तिला कळत नाही. बर्फाच्छादित जमिनीवर ढग आला तर पांढऱ्यावर पांढरे, थंडावर थंड, अशी गत होते. उन्हाळी दुपारी विखुरलेले कापसासारखे छोटे क्युम्युलस एका ठिपक्याहून लहान असतील तर त्या ठिपक्याची सरासरी तेवढी जराशी उजळते आणि ढग मात्र हरवतो. अगदी विरळ सिरस पुष्कळदा निसटतो. आणि गंमत अशी की यातल्या बहुतेक गोष्टी जमिनीवर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला मान वर केली की दिसतात. उलट जे मुलाला दिसत नाही, म्हणजे खालच्या थराच्या वर काय आहे ते, उपग्रहाला दिसते. दोघांच्या आंधळ्या जागा वेगवेगळ्या आहेत, आणि या भागीदारीला वैज्ञानिक आधार मिळतो तो इथेच.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन इथे नासाचे लँग्ली संशोधन केंद्र आहे. सेरेसचे काम तिथे चाले. लिन चेंबर्स या तिथल्या शास्त्रज्ञ. त्यांच्या पुढाकाराने १९९६ च्या अखेरीस ‘स्कूल’ हा प्रकल्प आकाराला आला. विद्यार्थ्यांनी ढगांची निरीक्षणे ऑनलाइन कळवायची, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव साधले होते. पहिला सेरेस अवकाशात जायच्या आधीच शाळांबरोबर चाचण्या सुरू झाल्या होत्या. योजना साधी होती. शाळेने आपले अक्षांश-रेखांश कळवायचे, प्रकल्पाने उपग्रह त्या जागेवरून कधी जाणार त्याच्या वेळा द्यायच्या. त्या वेळेच्या मागेपुढे पंधरा मिनिटांत मुलांनी मैदानात यायचे, आकाश पाहायचे आणि नोंद पाठवायची. इंटरनेट नसेल तर फॅक्सने किंवा टपालानेही चाले. टेराची कक्षा अशी आखलेली होती की तो विषुववृत्त स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास ओलांडे, आणि अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास. दोन्ही वेळा ऐन शाळेच्या. (आता दोघांचेही इंधन संपत आले आहे आणि त्यांच्या वेळा सरकत चालल्या आहेत, ते निराळे.) उपग्रहाच्या वेळापत्रकाने शाळेच्या वेळापत्रकात अशी अलगद जागा धरावी, हा योगायोग म्हटला तरी भाग्याचाच.

या नोंदीत काय असते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ‘मुलांनी ढग पाहिले’ एवढे म्हटले की ते सहलीसारखे वाटते. आधी आकाशाचा किती भाग झाकलेला आहे ते ठरवायचे: मुळीच नाही, दहा टक्क्यांहून कमी, पंचवीसपर्यंत, पन्नासपर्यंत, नव्वदपर्यंत की त्याहून अधिक. मग उंच, मध्यम आणि खालचा असे तीन थर वेगळे करून प्रत्येक थरात कोणता ढग, तो किती दाट, त्यातून सूर्य दिसतो का. विमानामागे राहणाऱ्या पांढऱ्या रेषा असतील तर त्या लगेच विरतात, तशाच राहतात की पसरत जातात, हेही लिहायचे. शेवटी जमिनीचे: ओली आहे, कोरडी आहे, बर्फ आहे, झाडांना पाने आहेत का. यातला पहिला प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच बहुतेकजण फसतात, मोठी माणसेसुद्धा. त्यासाठी वर्गात एक खेळ घेतला जातो. निळ्या कागदाच्या आकाराचाच पांढरा कागद घ्यायचा, त्याचे दहा समान भाग करायचे, त्यातले ठरावीक भाग घेऊन त्यांचे कपटे फाडायचे आणि ते निळ्या कागदावर विखरून चिकटवायचे. मग कोणी किती भाग वापरले हे न सांगता बाकीच्यांनी अंदाज करायचा. तीस टक्के चिकटवलेले असते आणि सगळा वर्ग पन्नास म्हणतो. विखुरलेले पांढरे डोळ्याला नेहमी जास्त वाटते. मोजमापात चूक असते, ती एका ठरावीक दिशेने झुकलेली असू शकते, आणि तो झुकाव माहीत असला की सुधारता येतो, ही तीन सत्रांच्या संख्याशास्त्राची गोष्ट त्या फाटक्या कागदाने अर्ध्या तासात सांगून होते.

नोंद पाठवल्यावर पुढे काय होते, याकडे मी अधिक लक्ष वेधेन. त्याच वेळी त्याच जागेवर उपग्रहाला काय दिसले ते जुळवून प्रकल्प शाळेला कळवतो: तुम्ही सांगितले खालचा थर, आम्हाला दिसला वरचा, तुम्ही म्हणता साठ टक्के, आमच्या मते चाळीस. आता हे काम टेरा-अ‍ॅक्वापुरते राहिलेले नाही, भूस्थिर उपग्रहांच्या चित्रांशीही जुळणी करून ईमेल पाठवली जाते. या उत्तरात ‘शाबास’ नसते आणि ‘चुकलात’ही नसते. दोन निरीक्षकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्या जिथे जुळत नाहीत तिथे वर्गाला विचार करावा लागतो. पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगाचे उत्तर शिक्षकांना आधीच माहीत असते, आणि मुलांनाही ते माहीत असते, हे आपण सारे जाणतो. इथे उत्तर कोणालाच माहीत नसते. दोघांपैकी बरोबर कोण, हे कधी ठरते, कधी ठरत नाही. एवढ्या लहान वयात खऱ्या विज्ञानाची अशी गाठ पडण्याचे प्रसंग फार थोडे.

‘स्कूल’ हा एका उपकरणाला बांधलेला प्रकल्प होता. त्याहून कितीतरी मोठा पसारा ‘ग्लोब’चा. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी १९९४ च्या वसुंधरादिनी त्याची घोषणा केली, १९९५ च्या वसुंधरादिनी काम सुरू झाले, आणि आज सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत. भारत २००० साली सामील झाला. हवा, पाणी, माती, वनस्पती अशा सगळ्यांच्या मोजमापांच्या पद्धती त्यात ठरवून दिलेल्या आहेत आणि नोंदी कोणालाही पाहता येतात. २०१६ मध्ये सर्वसामान्य माणसासाठी मोबाइल अ‍ॅप आले, पुढे ‘स्कूल’ची ढगांची निरीक्षणेही ग्लोबमध्येच विलीन झाली. २०१८ मध्ये १५ मार्च ते १५ एप्रिल या महिन्याभरात ढग पाहण्याचे जागतिक आवाहन केले, तेव्हा ९९ देशांतून पंचावन्न हजारांहून अधिक नोंदी आल्या. मातीचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. जानेवारी २०१५ मध्ये नासाने जमिनीतला ओलावा मोजणारा स्मॅप उपग्रह सोडला आणि ग्लोबच्या शाळांना सोबतीला घेतले. मुलांनी वरच्या पाच सेंटिमीटरची माती डब्यात घ्यायची, वजन करायचे, वाळवायची, पुन्हा वजन करायचे, दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. त्या उपग्रहाचे रडार जुलै २०१५ मध्येच बंद पडले, दुसरे उपकरण चालू राहिले. कोट्यवधी डॉलरची यंत्रणा सहा महिन्यांत अर्धी मुकी होते आणि तराजू व डबा चालूच राहतात, यावर कोणी हसले तर हसू द्यावे. पण यंत्रांची तुलना करण्यासाठी हा दाखला नाही. यंत्रावर विश्वास ठेवायचा तर जमिनीवर कोणीतरी डबा घेऊन जावेच लागते, एवढेच त्यातून दिसते.

पहिला आक्षेप उघडच आहे: पोरांच्या नोंदींवर विसंबायचे कसे? एखादा मुलगा मित्राची उतरवून काढेल, एखादी वर्गशिक्षिका घाईत कालचेच आज भरेल. हे होते, आणि होत नाही असे कोणी म्हणू नये. पण विज्ञानात नोंद चुकीची असण्यापेक्षा ती कितपत चुकीची आहे हे माहीत नसणे जास्त घातक. जिथे एकाच जागेवर उपग्रहाची नोंद आणि शेजारच्या तीन शाळांच्या नोंदी ठेवता येतात, तिथे उतरवलेली नोंद चटकन उघडी पडते. शिवाय प्रश्न असा विचारायला हवा की मुलाची नोंद नसेल तर त्या जागी काय असते. बहुतेक वेळा काहीच नसते. कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहराने हे महागात अनुभवले. जुलै १९९७ च्या अखेरीस तिथे पूर आला, पाच माणसे गेली. शहराच्या पश्चिम भागात चौदा इंचांहून अधिक पाऊस कोसळला होता आणि काही मैलांवर दोन इंचही नव्हता, आणि हे वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही. त्यातून कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी १९९८ मध्ये नागरिकांचे पर्जन्यमापन जाळे उभे केले. चार इंच व्यासाची प्लॅस्टिकची नळी, रोज सकाळी एक आकडा. त्यात घरे आहेत, शेते आहेत, शाळाही आहेत. ते जाळे आज ‘कोकोराज’ या नावाने साऱ्या अमेरिकेत पसरले आहे आणि तिथली राष्ट्रीय हवामान सेवा त्याचे आकडे रोजच्या कामात वापरते. हौशी माणसांची नोंद कामाची नसती तर पुराचा इशारा देणाऱ्या कचेरीने ती वापरलीच नसती.

आपल्याला यासाठी कोलोरॅडोला जायची गरज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. पावसाचा हा असा लहरीपणा उपग्रहाच्या जाळीतून सुटतो. उपग्रहांच्या पर्जन्य-अंदाजांची सध्याची जागतिक जाळी साधारण दहा-अकरा किलोमीटरच्या चौकटींची आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आलो की त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणजे जाळीच्या दोन-तीन चौकटींत कोकणाचा पाऊस संपून पर्जन्यछाया सुरू होते. यात आणखी एक खोच आहे. भूस्थिर उपग्रह अवरक्त किरणांवरून ढगाच्या माथ्याचे तापमान मोजतो आणि माथा जितका थंड, म्हणजे ढग जितका उंच, तितका पाऊस जास्त असे धरतो. सह्याद्रीत मात्र अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला आपटून जे ढग होतात ते पुष्कळदा बुटकेच असतात, त्यांचा माथा फारसा थंड नसतो आणि तरी ते दिवसभर धो-धो कोसळत राहतात. उपग्रहाला तो पाऊस कमी वाटतो. हे शास्त्रज्ञांना चांगले माहीत आहे, आणि त्यासाठी घाटातली दाट, हाताने मोजलेली नोंद त्यांना हवी आहे. घाटमाथ्यावर वाडीवाडीला आणखी काही असो नसो, जिल्हा परिषदेची शाळा असते.

पण आता यंत्रे आली, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, मग शाळेची नळी कशाला? यंत्र बसवून भागत नाही, त्यावर नजर ठेवावी लागते. फनेलमध्ये पान अडकले की पावसाळ्याच्या ऐन दिवशी ते शून्य दाखवते, आणि आतला छोटा डोलणारा पेला फार जोराच्या पावसात मागे पडून कमी मोजतो. शेजारी हाताने मोजलेला एक आकडा असला तर हे दुसऱ्याच दिवशी कळते, नाहीतर पीकविम्याच्या भांडणात कळते. आणि ढगांचे थर, धूसरपणा, विमानांच्या रेषा यासाठी तर ही केंद्रे मुळीच नाहीत. थरांसाठी अवकाशातून लेसर आणि रडार वापरून पाहिले गेले. २००६ मध्ये एकत्र सोडलेले कॅलिप्सो आणि क्लाउडसॅट हे उपग्रह ढग उभे चिरून दाखवत. दोघांचेही काम २०२३ मध्ये संपले, आणि २०२४ च्या मे महिन्यात युरोप-जपानचा अर्थकेअर त्याच कामावर गेला. पण हे सारे उपग्रह पायाखालची एक बारीक रेघ पाहतात. त्या रेघेच्या आजूबाजूला काय आहे ते त्यांना दिसत नाही.

दुसरा आक्षेप थोडा भावनेचा, पण टाकून देण्याजोगा नाही: आपल्या मुलांनी नासासाठी का राबायचे? ग्लोबच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, तेव्हा ‘नासासाठी’ हा शब्द पुरता बरोबर नाही. तरीही मला यात तथ्य वाटते, वेगळ्या कारणाने. उत्तर देणारी संस्था जवळची असेल तर ते उत्तर वाचले जाते, समजते आणि त्यावर उलट प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे त्यासाठी लागणारे सगळे आहे. पुण्यात हवामान खात्याची मोठी कचेरी आहे, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आणि तिची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा तर महाबळेश्वरलाच आहे. इन्सॅट-३डीआर २०१६ पासून आणि इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ पासून वर आहेत. अर्ध्या-अर्ध्या तासाने त्यांची चित्रे येतात आणि ती कोणालाही पाहता येतात. म्हणजे सकाळी साडेदहाची ठरलेली वेळही पाळायला नको. प्रार्थना झाल्यावर, मधल्या सुट्टीत, केव्हाही आकाश पाहिले तरी जुळणीला चित्र तयार असते. अमेरिकेतल्या त्या जुन्या प्रकल्पाला ही सोय सुरुवातीला नव्हती.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. महाराष्ट्रातला प्राथमिक शिक्षक आधीच अशैक्षणिक कामांखाली दबलेला आहे. सर्वेक्षणे, निवडणुका, पोषण आहाराचा हिशेब, आणि दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘आज सायंकाळपर्यंत भरा’ अशी नवी लिंक. त्यात ढगांची लिंक आणखी एक. या तक्रारीला ग्लोबच्याच इतिहासाचा आधार आहे. पहिल्या वर्षांपासून एसआरआय इंटरनॅशनल ही संशोधन संस्था त्या कार्यक्रमाचे मूल्यमापन करत होती. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांपैकी पुष्कळांच्या शाळांतून पुढे नोंदी येतच नाहीत, किंवा येऊन थांबतात, हे तिच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले. यादीत शाळा हजारोंनी, चालू नोंदी त्या मानाने थोड्या. विल्यम पेन्युएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ४५४ शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फरक कशाने पडतो ते पाहिले. उपक्रम आपल्या अभ्यासक्रमाशी आणि शाळेच्या उद्दिष्टांशी जुळतो असे शिक्षकाला वाटते का, वर्गात तो कसा बसवायचा याचे नियोजन करायला प्रशिक्षणातच वेळ दिला का, आणि नंतर अडले तर तांत्रिक मदत मिळते का, या गोष्टी ठरवणाऱ्या निघाल्या. झगमगीत कार्यशाळा घेऊन किट वाटणे आणि निघून जाणे, हे कुचकामी ठरले. तेव्हा शिक्षकांना माझे सांगणे असे: ही जर आणखी एक एकतर्फी लिंक असेल, तिच्यातून तुमच्याकडे काहीच परत येणार नसेल, तर ती भरू नका. ती न भरल्याने विज्ञानाचे नुकसान होत नाही, कारण तिकडे ती वाचणारे कोणी नसतेच.

सुट्ट्यांचा प्रश्न राहतो. पाऊस रविवारी पडतो, गणपतीच्या सुट्टीतही पडतो. कोकोराजने त्यासाठी सोपी वाट काढली: काही दिवस मोजता आले नाही तर साठलेल्या पाण्याची एकत्रित नोंद करायची आणि ती किती दिवसांची ते लिहायचे. अशी नोंद रोजच्या नोंदीइतकी उपयोगी नसते, पण खोट्या शून्यापेक्षा फार बरी. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात आणि पावसाळ्याचे मुख्य महिने शाळेचेच असतात, ही जमेची बाजू.

मग सुरुवात कुठून करावी? शंभर तालुक्यांतून नको. वाईहून पाचगणीमार्गे महाबळेश्वर आणि पलीकडे पोलादपूरकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतच्या दहा-बारा शाळा पुरेत. प्रत्येकीत एक पर्जन्यमापक, ढगांचा एक तक्ता, आणि हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला पाऊस मोजायला जवळच राहणारी दोन मुले. यातले काहीच महाग नाही. किंमत सगळी पलीकडच्या टोकाला आहे. दर आठवड्याला त्या नोंदी उपग्रहाच्या अंदाजांशेजारी मांडून, ‘मंगळवारी तुमच्याकडे १८० मिलिमीटर आणि आमच्या चित्रावरून ६०; त्या दिवशी ढगांचा तळ डोंगराला टेकला होता का?’ असे मराठीत विचारणारे पत्र लिहायला कोणीतरी लागेल. ते काम प्रसिद्धी विभागाचे नाही, उपग्रहाचे आकडे स्वतः हाताळणाऱ्या एखाद्या तरुण संशोधकाचे आहे, आणि त्याच्या आठवड्याचा निदान एक दिवस त्यासाठी नेमून दिलेला हवा. अंदाजपत्रकात पर्जन्यमापकांची तरतूद सहज होते, उद्घाटनाच्या मांडवाची तर न मागता होते. या एका दिवसाची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली करायची, इथे अशा योजना अडतात.